परका हात आपला कसा झाला

प्रभाते जाग आल्यावर अंथरुणातच बसून दोन्ही तळहातांचे दर्शन घ्यावयाचे आणि मगच भूमीस पाय लावावयाचा, हा संस्कार आपल्यापैकी अनेकांस बालपणी आजीकडून मिळालेला असतो. बोटांच्या टोकापासून मनगटापर्यंत देवतांचा वास आहे, हे त्या वयात आपण श्रद्धेने ऐकतो. पुढे संसाराच्या घाईत करदर्शन सुटते, आणि हात हे केवढे धन आहे याची जाणीवही त्याबरोबर बोथट होते. ज्याचे हात गेले आहेत त्याला मात्र ती क्षणभरही विसरता येत नाही. देवापुढे हात जोडणे, ओंजळीत तीर्थ घेणे, आरतीवरून तळवे फिरवून ते डोळ्यांस लावणे, पानावरचा घास उचलणे, रडणाऱ्या लेकराचे डोळे पुसणे, यांपैकी एकही गोष्ट त्याला परक्याच्या साह्यावाचून करता येत नाही.

मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांत ‘हात’ हा शब्द एकच आहे. संकटात सापडलेल्यास साह्य करणे याला मराठीत ‘हात देणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार आपण शतकानुशतके लाक्षणिक अर्थाने वापरीत आलो. तो अक्षरशः खरा करण्याचा प्रसंग कोणावर येईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. इ. स. २०२३ च्या जानेवारीत तो इंदूरच्या एका कुटुंबावर आला. घरातील मध्यमवयीन स्त्रीचा मेंदू कायमचा निकामी झाला असल्याचा निर्णय डॉक्टरांनी दिला. आप्तांनी तिचे इतर अवयव तर दिलेच, पण हातही दिले. रस्त्यावरील रहदारी थांबवून रुग्णवाहिकेस अखंड वाट करून देण्याची जी व्यवस्था आता ‘ग्रीन कॉरिडॉर’ या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली आहे, तिच्या साह्याने ते हात देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर पोहोचले, तेथून विमानाने मुंबईस गेले आणि परळच्या रुग्णालयात एका तरुणीसाठी उपयोगी पडले.

इंदूर नगरीस ही धावपळ नवी नव्हती. २०१५ पासून तेथील डॉक्टर, पोलीस, शासकीय अधिकारी व स्वयंसेवक यांनी मिळून अशा पन्नासांहून अधिक वाटा मोकळ्या करून दिल्या आहेत. परंतु यकृत किंवा मूत्रपिंड पाठविणे वेगळे आणि हात पाठविणे वेगळे. यकृत कोणी पाहिलेले नसते. हात सर्वांनी पाहिलेला असतो. त्याच हाताने घरच्यांना वाढलेले असते, कुंकू लावलेले असते, आशीर्वाद दिलेला असतो. तो द्यावयाचा म्हणजे काळजावर दगड ठेवावा लागतो.

असा दिलेला हात पुढे खरोखर लागतो कसा आणि टिकतो कसा, हे समजून घेण्याची जिज्ञासा वाचकांस असेलच. वृत्तपत्रांतील वर्णने बहुधा शस्त्रक्रियेच्या तासांपाशी येऊन थांबतात. इतके सर्जन, इतके तास, इतक्या रक्तवाहिन्या, एवढे सांगून बातमी संपते. आमच्या मते खरी कथा तेथे सुरू होते. हात शिवणे हा या विद्येचा अर्धा भाग आहे, आणि तोही सोपा अर्धा. शरीराने तो परका हात फेकून देऊ नये, ही व्यवस्था म्हणजे उरलेला अर्धा भाग. तो साधावयास मानवास किती काळ लागला, हे पाहण्यासाठी आपणांस मुंबईहून घाट चढून पेशवाईतील पुण्यास जावे लागेल.

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेले एक पत्र चित्रासह प्रसिद्ध झाले. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करणारा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला. पत्रात त्याचे नाव कावसजी असे दिले असून तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. टिपूने त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले.

ती रीत पत्रलेखकाने बारकाईने वर्णिली आहे. प्रथम नाकाच्या जागी पातळ मेणाचा साचा बसवून पाहावयाचा; मग तो चापट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. त्या रेघेतील कपाळाची त्वचा सोडवून घ्यावयाची, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. ही पट्टी म्हणजे त्या त्वचेची नाळ. तिच्यातून रक्त वाहत असेतो त्वचा जिवंत राहते. मग ती त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची, जोडावर काथाचा लेप द्यावयाचा, आणि सुमारे पंचवीस दिवसांनी, नवी जागा त्वचेस पुरेसे रक्त देऊ लागली म्हणजे, ती पट्टी छेदून टाकावयाची. ही क्रिया प्रत्यक्ष पाहिलेल्यांत मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर होते. या पत्राने युरोपातील वैद्य चकित झाले. लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनाने १८१४ मध्ये याच रीतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभर जिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिच्या इतिहासात पुण्याच्या त्या निनावी कारागिराचे स्थान कायमचे आहे.

ही कथा आपल्याकडे पुष्कळदा अभिमानाने सांगितली जाते. तिच्यातील एक गोष्ट मात्र बहुधा कोणी सांगत नाही. कावसजीचे नाक परत आले. त्याचा हात परत आला नाही. हाताविषयी ते पत्र पुढे एक अक्षरही लिहीत नाही, कारण लिहिण्याजोगे काही नव्हतेच. नाकासाठी लागणारी त्वचा त्याच्याच कपाळावर होती. हातासाठी लागणारी हाडे, स्नायू, शिरा व बोटे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरून आणावी लागली असती. सुश्रुतानेही नासासंधानासाठी गालाची त्वचा सांगितली, ती त्याच रुग्णाच्या गालाची. सुश्रुताचे नाव घेऊन ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ असे म्हणणारे लोक सभासंमेलनांतून भेटतात. सुश्रुताचा गौरव यथार्थच आहे. परंतु स्वतःची त्वचा स्वतःस लावणे आणि दुसऱ्याचा अवयव स्वतःस लावणे यांमध्ये एक दरी आहे, आणि तिच्यावर पूल बांधावयास कावसजीनंतर दोनशे वर्षे लागली. पूर्वजांस जे साधले त्याचे श्रेय त्यांस द्यावे; जे साधले नव्हते तेही त्यांच्या पदरी घातल्याने त्यांचा मान वाढत नाही.

या दरीची चाहूल इटलीतील बोलोन्या येथील ताल्याकोत्सी या सर्जनास लागली होती. दंडाच्या त्वचेने नाक घडविण्याच्या रीतीवर त्याने १५९७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याची त्वचा का वापरू नये याची चर्चा करताना त्याने प्रत्येक व्यक्तीच्या ठायी असलेल्या आगळ्या प्रकृतीकडे बोट दाखविले. कारण त्यास ठाऊक नव्हते. अनुभव मात्र खरा होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिवणकामाचा प्रश्न सुटला. फ्रान्समधील लिऑं शहर रेशमासाठी व भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील अलेक्सी कारेल या तरुण सर्जनाने एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई व रेशमी धागा चालविण्याचे धडे घेतले आणि तुटलेल्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडण्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत त्याने प्राण्यांवर अवयव जोडण्याचे अनेक प्रयोग केले; १९१२ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्याचाच अवयव काढून त्याच प्राण्यास पुन्हा जोडला तर तो जगे. दुसऱ्या प्राण्याचा जोडला तर टाके उत्तम असूनही थोड्या दिवसांत तो नासून जाई. दोष सुईत नव्हता, धाग्यात नव्हता. मग होता कोठे?

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या आगीतून आले. भाजलेल्या सैनिकांना व नागरिकांना त्वचेची गरज होती. ग्लासगोच्या रुग्णालयात टॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. काही दिवस ते तगले आणि गळून गेले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्याहूनही लवकर गळाले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणात सर्व मर्म आहे. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी शरीर अधिक त्वरेने उठले, म्हणजे त्याने पहिल्या भेटीची आठवण ठेवली होती. देवी किंवा गोवर एकदा येऊन गेला म्हणजे शरीर जशी त्याची ओळख ठेवते, तशीच ओळख त्याने सख्ख्या भावाच्या त्वचेची ठेवली. रोगजंतूंपासून रक्षण करणारी जी शक्ती, तीच परक्या अवयवाचा नाश करीत होती. तिला मायेचे नाते कळत नव्हते.

ही शक्ती कशी चालते हे आमच्या वाचकांस गडाच्या दृष्टान्ताने सांगता येईल. रात्री गडाचे दरवाजे बंद झाल्यावर पहारेकरी येणाऱ्यास परवल विचारी. परवल बरोबर सांगितली तर दार उघडे. चुकली तर भाला. आपल्या देहातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने धारण करते; ती त्या देहाची परवल होय. रक्तातील ‘टी’ पेशी नावाचे पहारेकरी अहोरात्र फिरून ती तपासतात. ही परवल माणसागणिक निराळी असते. केवळ एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या भावंडांत ती तंतोतंत जुळते. म्हणूनच १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे रोपण केले ते अशाच जुळ्या भावांमध्ये, आणि ते यशस्वी झाले. परंतु सर्वांनाच जुळा भाऊ कोठून आणावा?

मेडावर व त्यांचे सहकारी बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी १९५३ मध्ये उंदरांवर एक प्रयोग करून आशेचा दीप लावला. जन्मापूर्वीच ज्या पिलास परक्या उंदराच्या पेशी टोचल्या, ते मोठे झाल्यावर त्या परक्याची त्वचा निमूटपणे स्वीकारी. पहारेकऱ्यांची ओळख पक्की होण्यापूर्वीच परका घरात आला, म्हणून तो घरचा ठरला. मेडावर यांना १९६० मध्ये बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसाच्या देहास असे शिकविणे मात्र साधले नाही, आणि आजही ते पूर्णपणे साधलेले नाही. तेव्हा पहारेकऱ्यास समजावता येत नसेल तर त्यास गुंगी आणावी, असा मार्ग औषधशास्त्राने धरला. साठीच्या सुमारास अझाथायोप्रिन हे औषध आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने मूत्रपिंडे थोडी टिकू लागली.

याच बळावर १९६४ च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशात ग्वायाकिल येथे रॉबर्तो गिल्बर्ट या सर्जनाने एका खलाशास मृताचा हात जोडला. मनुष्यास दुसऱ्याचा हात जोडण्याचा आधुनिक काळातील हा पहिला प्रयत्न. सुमारे तीन आठवड्यांत शरीराने तो नाकारला आणि तो काढून टाकावा लागला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ या वाटेस जाण्याचे धाडस कोणी केले नाही.

मूत्रपिंड टिकते आणि हात टिकत नाही, असे का व्हावे? कारण हात हा एक अवयव नसून अनेकांचे कुटुंब आहे. त्यात अस्थी आहे, मज्जा आहे, स्नायू, कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि वर त्वचा आहे. या सर्वांत त्वचेवर शरीराचा रोष सर्वाधिक. त्वचा म्हणजे देहाची वेस. तिच्यावर जागल्यांची गर्दी असणे स्वाभाविकच आहे. दात्याच्या त्वचेतील जागले आणि घेणाऱ्याच्या रक्तातील पहारेकरी समोरासमोर आले की चकमक अटळ होते.

तोडगा निघाला तो मातीतून. नॉर्वेतील एका पठारावरून आणलेल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून स्विस संशोधकांनी सायक्लोस्पोरिन हे औषध मिळविले. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये ते रुग्णांस देऊन पाहिले, आणि अवयवरोपणाचे युग पालटले. पुढे १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीतील एका सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस मिळाले, ते अधिक प्रभावी ठरले. ही औषधे सर्व पहाऱ्याची सरसकट कत्तल करीत नाहीत. परका दिसल्यावर ‘टी’ पेशी जी हाक देऊन सैन्य गोळा करते, ती हाकच ती तिच्या घशात अडवतात. त्यांस मायकोफेनोलेट व अल्प प्रमाणात स्टेरॉइड यांची जोड दिली की त्रिविध योजना पूर्ण होते. रोपणाच्या वेळी याहून तीव्र औषध शिरेतून देऊन पहारा प्रथम काही काळ मंद करतात, आणि नंतर ही त्रयी चालू ठेवतात. आज बहुतेक ठिकाणी हाताच्या रोपणानंतर याच स्वरूपाची योजना असते.

या नव्या शस्त्रांनिशी १९९८ च्या सप्टेंबरात, ज्या लिऑं शहरात कारेलने सुई हाती धरली त्याच शहरात, ज्यां-मिशेल द्यूबेर्नार यांच्या पथकाने एका परदेशी रुग्णास हात जोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. बोटे हालू लागली. जगभर जयजयकार झाला. परंतु तो हात रुग्णाच्या मनाने कधी स्वीकारलाच नाही. त्याने औषधे नियमाने घेतली नाहीत, पुढे सोडून दिली. त्वचा लाल होऊन सोलू लागली. अखेर त्याच्याच विनंतीवरून २००१ च्या फेब्रुवारीत लंडन येथे तो हात काढून टाकण्यात आला. सर्जनांनी केलेले काम सुटले नाही. सुटला तो नेम. याउलट १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेतील लुईव्हिल येथे ज्या रुग्णास हात मिळाला, त्याने आपला नेम पाळला आणि तो हात वीस वर्षांहून अधिक काळ वापरला. या दोन रुग्णांच्या अनुभवांत या विद्येचा सर्व धडा साठलेला आहे, असे आम्हांस वाटते. परका हात एकदा जोडून भागत नाही. तो रोज नव्याने स्वीकारावा लागतो.

हा स्वीकार म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहू. आंतरराष्ट्रीय नोंदींवरून दिसते की हात मिळालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना पहिल्या वर्षात निदान एकदा तरी नाकाराचा झटका येतो. तरीही बहुतेक हात वाचतात, आणि याचे श्रेय त्याच त्वचेकडे जाते जिला आम्ही वर दोष दिला. मूत्रपिंडातील बंड पोटात चालते. ते रक्त तपासल्यावाचून कळत नाही. हातावरील बंड डोळ्यांनी दिसते. गुलाबी ठिपके, लालसर चट्टे, किंचित सूज, नखांत फरक, एवढ्या खुणा दिसताच रुग्णाने रुग्णालय गाठावयाचे. तेथे त्वचेचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि २००७ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार त्याची पायरी ठरवितात. शून्य म्हणजे शांतता, चार म्हणजे त्वचेचा नाश. पायरी खालची असेल तर कधी केवळ मलमाने भागते. वरची असेल तर काही दिवस शिरेतून स्टेरॉइडची मोठी मात्रा देतात. वेळीच दिली तर बंड शमते. काही हातांत मात्र वर्षानुवर्षे चाललेल्या मूक विरोधाने रक्तवाहिन्या आतून जाड होत जातात. तो विरोध हटविण्याचे साधन अजून नीटसे हाती नाही.

मात्रा ठरविणे हेही नाजूक काम आहे. औषध कमी पडले तर पहारेकरी जागा होऊन पाहुण्यास मारतो. अधिक झाले तर तो इतका झिंगतो की खरे चोर, म्हणजे रोगजंतू, घरात शिरतात. म्हणून रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण वारंवार मोजावे लागते. ते वर्षानुवर्षे घेतल्याने मूत्रपिंडांवर ताण येतो, मधुमेह व रक्तदाब जडू शकतो, काही प्रकारच्या कर्करोगांची भीती वाढते. त्याचा एक लाभही सांगितला जातो, तो असा की ते मज्जातंतूंच्या वाढीस साह्य करते. मज्जातंतू जोडाच्या जागेपासून बोटांकडे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकतो. मनगटापाशी जोडलेल्या हातास स्पर्श कळावयास महिने लागतात; दंडापाशी जोडलेल्यास वर्ष, दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक. तोवर रोजचा व्यायाम आणि रोजची गोळी, यांस सुट्टी नाही.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. यकृत किंवा हृदय निकामी झालेला माणूस रोपणावाचून मरतो. तेव्हा औषधांचे विष त्याने सोसावे हे सर्वांस पटते. हातावाचून माणूस मरत नाही. मग धडधाकट प्रकृतीच्या माणसाने हातासाठी आयुष्यभराचा धोका पत्करावा काय? जगातील अनेक विचारी वैद्यांनी हा आक्षेप घेतला आणि तो पोकळ नाही. म्हणूनच एक हात शाबूत असलेल्यापेक्षा दोन्ही हात गमावलेल्यास प्राधान्य द्यावे, आणि रुग्णाचे शरीर जितके पारखावे तितकेच त्याचे मनही पारखावे, असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. अमेरिकेत २०१५ मध्ये एका लहान मुलास दोन्ही हात जोडले गेले, त्यास मूत्रपिंडरोपणामुळे ती औषधे आधीपासूनच चालू होती. धोका नव्याने पत्करावा लागला नाही. पण स्वतःचे अन्न स्वतः खाता न येणाऱ्या, स्वतःचे स्नानही परक्यावर सोपवावे लागणाऱ्या तरुण माणसाने जर जाणूनबुजून म्हटले की मला हा धोका चालेल, तर बाजूस बसून त्यास ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आम्हां दोन हातांच्या माणसांस कितपत आहे, हेही प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

आपल्या देशात हे कार्य प्रथम झाले ते २०१५ च्या जानेवारीत, कोची येथील अमृता रुग्णालयात, डॉ. सुब्रमण्य अय्यर यांच्या पथकाकडून. तेथेच २०१७ मध्ये, अपघातात दोन्ही हात गमावलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीस दंडापासूनचे दोन्ही हात मिळाले. ते एका तरुण मुलाचे होते. पुढील दोन वर्षांत त्या हातांचा गडद वर्ण हळूहळू तिच्या वर्णाशी जुळत गेला, आणि त्याचे कारण शोधण्यात डॉक्टर गुंतले. कावसजीचा हात ज्या पुण्याने परत दिला नव्हता, त्या पुण्याच्या लेकीस तो केरळने दिला. २०२० च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या परळ येथील ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने, रेल्वे अपघातात हात गमावलेल्या एका तरुणीस चेन्नईहून आलेले हात जोडले. आणि पुढे इंदूरहून मुंबईस हात गेले, ते आरंभी सांगितलेच आहे. केरळ, तमिळनाडू, माळवा, महाराष्ट्र! पहारेकऱ्यास प्रांत, जात वा भाषा यांची परवल कळतच नाही. त्याच्या दृष्टीने सख्खा भाऊही परका, आणि शेकडो कोस दूरचा अनोळखी माणूसही तेवढाच परका. औषधाच्या साह्याने दोघेही आपले होऊ शकतात.

आता देणाऱ्यांविषयी. इंदूरसारख्या ठिकाणी, जेथे अवयवदानाची रीत रुळली आहे, तेथेही हाताचा विषय निघताच घरातील मंडळी थबकतात. अंत्यसंस्कारास देह सांग असावा, ही आपल्या लोकांची भावना जुनी व खोल आहे; तिची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. ही अडचण ओळखून अनेक ठिकाणी हात घेतल्यावर सर्जन दात्याच्या देहास कृत्रिम हात बसवून, वस्त्राने झाकून, देह आप्तांच्या स्वाधीन करतात. मेंदू मृत झाल्याचा निर्णयही एकट्या डॉक्टरचा नसतो. १९९४ च्या कायद्यान्वये चार डॉक्टरांचे मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो देते. पण खरी अडचण कायद्याची नसते. ती अशी की विचारावयाची वेळ येते तेव्हा घर शोकाने सुन्न झालेले असते, आणि ज्याची इच्छा विचारावी तोच बोलू शकत नाही. तेव्हा ही गोष्ट आधीच, सुखाच्या दिवसांत, घरातल्या घरात बोलून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे. देवळाच्या उत्सवास सारे कुटुंब एकत्र येते. तेव्हा इतके विषय निघतात, त्यांत हाही निघाला तर बिघडले काय? आपल्या पुराणातील दधीचीने अस्थी दिल्या त्या जिवंतपणी, स्वमुखाने होकार देऊन. त्याच्या आप्तांवर तो निर्णय पडला नव्हता.

घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या घरातून आलेला हात म्हणजे ठेव आहे. लिऑंच्या पहिल्या रुग्णास दोष देणे सोपे आहे. पण रोज न चुकता, तब्येत उत्तम असतानाही, आयुष्यभर गोळी घेणे किती कठीण असते हे आपल्यापैकी रक्तदाबाच्या रुग्णांनी तरी जाणावे. त्यात औषधे महाग, आणि ती कधी बंद होत नाहीत. औषधे कमी लागावीत म्हणून दात्याची अस्थिमज्जा टोचून शरीरास ओळख शिकविण्याचे प्रयोग अमेरिकेत पिट्सबर्ग येथे झाले. मेडावर यांच्या उंदरांनी दाखविलेली वाट अजून कोणी सोडलेली नाही. ती पूर्ण होईतो शस्त्रक्रियेच्या दिवशी मदतीस धावणाऱ्या समाजाने पाचव्या, दहाव्या वर्षीच्या औषधांचीही चौकशी करावी. हार घालावयास पुष्कळ येतात; औषधाच्या दुकानाचे बिल घेऊन उभा असलेल्याकडे कोणाचे लक्ष नसते.

ज्यांना असे हात मिळाले आहेत त्यांना डॉक्टरांची एक सक्त सूचना असते, की रोज उजेडात हात नीट निरखून पाहावा, तळवा, बोटे, नखे, मनगट, कोठे लाली नाही ना, चट्टा नाही ना. आपल्या आजीने सांगितलेले करदर्शन आपण विसरलो. त्यांना ते विसरून चालत नाही. इंदूरहून गेलेला हात जेथे असेल तेथे रोज असाच निरखला जावो, आणि त्यावर एकही डाग न दिसो.